औषधाचं इंग्रजी

बबनरावांनी आमच्या मुख्याध्यापकांचं मुंडकं उडवलं, तिथून माझी त्यांची ओळख. म्हणजे शूटिंगमध्ये. आमच्या शिरूरच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि केडगावच्या एका शूटिंगवाल्याला बोलावलं होतं. आठ दिवसांनी आम्ही सगळे स्टाफरूममध्ये ते बघायला बसलो. सरांचं भाषण सुरू झालं. कॅमेरा हळूहळू सरांच्या डोक्यावरून कोटावर उतरला, कोटावरून बाजूला सरकला आणि मंडपाच्या मागं खिचडी शिजवणाऱ्या बाईंवर जाऊन जो थांबला तो थांबलाच. सरांचा आवाज शिस्त, संस्कार, उज्ज्वल भवितव्य असलं काहीबाही बोलत होता आणि पडद्यावर ती बाई पदर खोचून दोन्ही हातांनी मोठं उलथनं फिरवत होती. मधेच तिनं एक शीत बोटांनी दाबून पाहिलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सरांचे कान लाल झाले. मला इतकं हसू आलं की उठून बाहेर जावं लागलं.

सरांनी फोनवर त्यांना झाप झाप झापलं, आमच्या एक बाई हसत उठून गेल्या हेही सुनावलं. त्यावर हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं भाषण ऐकायचं हुतं, ते आलंय समदं. बघायचं जे हुतं ते मी दाखवलं." पैसे मिळणार नाहीत असं सरांनी सांगितलं तर म्हणे, राहू द्या. वर दुसऱ्याच आठवड्यात मोटारसायकलवरून शाळेत हजर. शिपायाला विचारलं, "त्या हसलेल्या बाई कोणत्या?"

ती मी. इंग्रजीची शिक्षिका, तिरसट म्हणून प्रसिद्ध. मी वर्गात शिरले की पोरं पंखासुद्धा बंद करत, आवाज नको म्हणून. माझ्यासमोर हा पन्नाशीचा, बुटका, काळासावळा माणूस उभा. अंगात लग्नसराईतलं ते सतरा खिशांचं जाकीट, एका खिशातून लोकरीचा पायमोजा बाहेर लोंबतोय. मी म्हटलं, "मोजा पडतोय तुमचा." तर म्हणाले, "माईकचा हाय. वारं लागतं त्याला."

केडगाव स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, एक गाळा. मागं निळा पडदा, कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्यावर बाबासाहेबांचा फोटो. पोट भरायचं ते लग्नं, बारशी, जागरण-गोंधळ यांच्या शूटिंगवर. पण दोन लग्नांच्या मधे जो वेळ उरेल त्यात हा माणूस दौंड आणि शिरूर तालुक्यांत फिरून आपल्या हातानं खाण्याची वस्तू पिकवणाऱ्या, बनवणाऱ्या लोकांचे छोटे छोटे पिक्चर काढायचा. डॉक्युमेंटरी हा शब्द मी वापरला तर दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करत. पिक्चरच म्हणत. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. पिक्चर मोबाइलवर टाकून द्यायचे, ज्याची वस्तू त्याचा फोन नंबर शेवटी द्यायचा, की झालं.

पिक्चर सात मिनिटांचा. मी विचारलं, सातच का? तर म्हणाले, "बाई, मंगलाष्टकं लांबली की माणसं अक्षता खाली टाकून जेवायला पळत्यात. मी इतकी वर्षं बघतोय. सात मिंटं धरत्यात कशीबशी."

पहिल्या भेटीला ते कॅमेरा काढतच नसत. ज्याच्याकडं जातील त्याच्याकडं बसायचे, तो जे करतो ते खायचे, गप्पा मारायच्या आणि परत यायचं. दुसऱ्या भेटीला शूटिंग. आणि एकदा घेतलेलं परत घ्यायचं नाही. कुणी अडखळलं, मधे खोकलं, शेळी ओरडली, सगळं तसंच. मी एकदा म्हटलं, लग्नात तर तुम्ही नवरा-नवरीला तीन-तीनदा हार घालायला लावता. तर म्हणाले, "लग्नातली माणसं आधीच नाटकात असत्यात. दूध काढणाऱ्याला काय सांगू, परत काढा म्हणून? म्हस ऐकंल का?"

माझ्याकडं येण्याचं कारण असं होतं, की पुण्याकडच्या सोसायट्यांतली निम्मी माणसं मराठी नाहीत. खरी गिऱ्हाइकं तिथं. तर पिक्चरच्या खाली इंग्रजीत ओळी लिहून हव्या होत्या. "तुम्ही हसला म्हंजी तुम्हाला कळलं," एवढंच त्यांनी कारण दिलं. खुशामत मला चालत नाही, पण ही चालली. मी हो म्हटलं.

सहा-सात वर्षं मी त्यांना इंग्रजी लिहून दिलं. न्हावऱ्याच्या एका आजींच्या उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या, दौंडकडचा फुटाण्याचा भट्टीवाला, भीमेच्या पाण्यात पहाटे जाळं टाकणारे दोघे भाऊ. बबनराव लॅपटॉप घेऊन आमच्या घरी यायचे, आम्ही दोघं चहा घेत एकेक वाक्य थांबवून बघायचो. खारोड्यांच्या आजी शेवटी कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, "झालं का तुमचं? मग उनातनं बाजूला व्हा." ते वाक्य इंग्रजीत काही केल्या बसेना. मी तासभर डोकं खाजवलं. बबनराव म्हणाले, "नका लिवू. तिच्या तोंडावरनं कळतंय."

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. पिक्चर तयार झाला की सगळ्यांत आधी ज्याचा त्याला दाखवायचा, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या माणसांत बसून. त्यानं नको म्हटलं तर नको. "ज्याचं त्याला आधी," असं ते म्हणत. केडगावजवळच्या एका गुऱ्हाळावरचा किस्सा त्यांनी मला सांगितला. तिथला गूळ करणारा कारागीर उत्तर प्रदेशातला. पाक कधी उतरवायचा हे कढईच्या वासावरनं ओळखणारा माणूस. पिक्चरमध्ये तो म्हणाला होता, हमारे गुड़ में कुछ नहीं पड़ता. पिक्चर बघून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा उठून बाहेर गेला, बबनरावांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "भैया, वो लाइन निकाल दो. सेठ बोलता है तो पीला होने का पावडर डालना पड़ता है."

बबनरावांनी ती ओळ काढली. गुऱ्हाळाचा मालक भडकला, तीच तर माल खपवणारी ओळ होती म्हणाला. बबनराव ऐकेनात. त्या पिक्चरमध्ये आता कुणीच काही दावा करत नाही, नुसता रस उकळतो आणि तो माणूस कढईवर वाकून वास घेतो. मला सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "बाई, त्याला कुणी इचारलं पण नव्हतं. खोटं पचलं असतं. त्यालाच पचलं न्हाई." मी इतकी माणसं पाहिली, पण दुसऱ्याच्या खरेपणानं असा ओलावलेला माणूस विरळा. एका खोट्या वाक्यासाठी त्यांनी मालकाचा राग ओढवून घेतला. माझ्यामुळं त्यांच्या पिक्चरमध्ये एक खोटं वाक्य गेलं, ते आता सांगायचं आहे.

केंदूरच्या कमलताई. दीड एकर रान, त्यात वांगी, घेवडा, पालक, मेथी. नवरा रांजणगावला कंपनीत कंत्राटी. बाजारात माल टाकायचा नाही, थेट माणसाच्या हातात द्यायचा, असा त्यांचा निश्चय होता. दर शनिवारी टेंपोत विषमुक्त भाजीचे क्रेट घालून खराडीच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर उभ्या राहायच्या. दोन वर्षं खपून त्यांनी तिथं साठ-सत्तर घरं बांधली होती. बांधली म्हणजे, त्यांच्या शब्दांत, "माझी घरं." ह्या घरातल्या म्हाताऱ्याला कोवळी वांगी लागतात, त्या घरातल्या पोरीला मेथी निवडायचा कंटाळा, हे सगळं त्यांना पाठ. आजूबाजूच्या सोसायट्यांनाही कळावं म्हणून बबनरावांनी त्यांचा पिक्चर काढायला घेतला.

वांग्याला अळी फार. तिच्यासाठी कमलताई निंब, रुई, करंज, निरगुडी असला दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवत. महिनाभर ड्रममध्ये. त्याचा वास असा की जवळ गेलं तर डोळ्यांत पाणी यावं. तो गाळून, पाण्यात मिसळून फवारायचा. आणि ह्या घाण पाण्याला त्या काय म्हणत? औषध. आमच्याकडं ह्या एका शब्दावर सगळं चालतं. खोकल्याची गोळी औषध, उंदराचं औषध, तणाचं औषध, उसावर मारायचं जहर औषध, आणि कमलताईंचा काढा तोही औषधच. आमच्यापैकी कुणाला त्यात काही खटकत नाही. आम्ही समोर काय आहे ते बघतो आणि समजून घेतो.

मी बघितलं नाही. बबनराव लॅपटॉप घेऊन आले तेव्हा माझं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, दहावीचे पेपर तपासायला पडले होते आणि शाळेत माझ्या सत्काराची तयारी चालली होती. मी म्हटलं, "कागदावर लिहून ठेवून जा. करते."

"बाई, पिक्चर बघून लिवा."

"मला वाचून मराठी कळतं हो, बबनराव. बघायला कशाला हवं?"

ते कागद ठेवून गेले. त्यात एक ओळ होती, "पहाटं उठून औषध मारती, तवा कुठं वांगं हाताला लागतं." माझं माहेर ऊसवाल्यांचं, तिथं औषध म्हणजे एकच. मी लिहून दिलं की ही बाई पहाटे उठून पेस्टिसाइड फवारते. एका मिनिटाचं काम. सगळा कागद मी तासाभरात संपवला आणि स्वतःवर खूश झाले.

नियमाप्रमाणे बबनरावांनी पिक्चर आधी केंदूरला दाखवला. खाटेवर लॅपटॉप, सगळं घर जमलं होतं म्हणे. कमलताईंनी दोनदा बघितला, ड्रम ढवळताना स्वतःला बघून लाजल्या, छान झालाय म्हणाल्या. खालचं इंग्रजी कुणाला वाचता येत होतं? त्यांना नाही, बबनरावांना नाही. त्यांचा तो एवढा कडक नियम माझ्या एका शब्दापाशी आंधळा झाला.

पिक्चर सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि कुणीतरी पेस्टिसाइडच्या ओळीचं तेवढंच चित्र कापून त्या शब्दाभोवती लाल गोल काढला. विषमुक्त म्हणून आपल्याला फसवतात, असा बोभाटा झाला. त्या शनिवारी कमलताई गेटवर उभ्या राहिल्या तर कुणी खाली उतरेना. शेवटी वॉचमन येऊन म्हणाला, मावशी, सेक्रेटरी बोले यहाँ नहीं लगाने का. भरलेला टेंपो तसाच परत आला. काय झालं ते त्यांना कळेना. रस्त्यातूनच त्यांनी बबनरावांना फोन केला, "भाऊ, तुम्ही माझं काय दाखवलं ओ?"

फोन ठेवून बबनराव थेट माझ्याकडं. दुपार होती, मी जेवत होते. हात धुवायचीही उसंत न देता मोबाइल पुढं धरला, त्यावर कुणीतरी पाठवलेलं ते लाल गोलाचं चित्र. "बाई, ह्यो शब्द काय हाय?"

मी वाचला. ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, "औषध."

"कुठलं औषध?"

"फवारायचं. विषारी."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं आता ओरडतील. मी तयारीत होते, ओरडले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते, तसा माझा स्वभावच आहे. पण त्यांनी जाकिटाच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. मग म्हणाले, "मग बरोबर शब्द लिवून द्या."

मी दिला. रातोरात पिक्चर बदलला, पण बदललेला पिक्चर कोण बघतंय? लाल गोलाचं चित्रच फिरत राहिलं, ह्या सोसायटीतून त्या सोसायटीत. साठ-सत्तर घरांतली चार-पाच राहिली. तेव्हा बबनरावांनी लग्नाच्या ऑर्डरी सोडल्या आणि दर शनिवारी कमलताईंच्या टेंपोबरोबर खराडीला जायला लागले. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, क्रेटवर लॅपटॉप. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, साहेब, दोन मिंटं बघा, ह्यो पाला हाय, जहर न्हाई. सोबत बाटलीत तो काढा न्यायचे, वास घ्यायला लावायचे. काही लोक थांबत. बरेचसे कानाला फोन लावून निघून जात. आणि हे चुकलं कुणाचं असं कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझं. मला इंग्रजी येत न्हाई आन् मीच लिवलं."

हे मला कमलताईंच्या नवऱ्याकडून कळलं. मी बबनरावांना फोन केला, "असं का सांगता?"

"पिक्चर माझं हाय बाई. खाली लिवलेलं बी माझंच."

"पण ते खोटं आहे."

"व्हय," म्हणाले आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

मी तेव्हाच खराडीला जायला हवं होतं. नाही गेले. खरं कारण सांगते. पुढच्याच महिन्यात माझा सत्कार होता. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, तिला औषधाचं इंग्रजी चुकलं, हे चारचौघांत उघडं पडलं असतं. मी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, भाषणात भाषेच्या अचूकतेवर बोलले. बबनराव शूटिंगला आले होते. माझं डोकं त्यांनी कुठंही कापलं नाही. पूर्ण भाषण, एका जागेवरून, न हलता घेतलं. मला वाटतं आयुष्यात मला झालेली ती सगळ्यांत मोठी शिक्षा, आणि त्यांच्या मनात तसं काहीही नव्हतं.

त्यांचं नाव मात्र खराब झालं. पुढं त्यांनी पिक्चरसाठी कुणाला विचारलं की लोक गुळमुळीत बोलायचे. खुटबावच्या एका तूप करणाऱ्या बाई तोंडावर म्हणाल्या, "नगं दादा, तुम्ही भलतंच लिवता म्हणं." हे त्यांनीच मला हसत सांगितलं. हसताना डोळे पिवळे दिसले म्हणून मी म्हटलं, दाखवून घ्या कुणाला. दाखवलं तोवर यकृताचं दुखणं फार पुढं गेलेलं होतं. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पुढच्या पावसाळ्यात गेले.

केडगावला त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या शोकसभेला, मी गेले होते. वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. लग्नाच्या शूटिंगबद्दल सगळे बोलले, पिक्चरबद्दल कुणी नाही. कार्यक्रम संपल्यावर मी कमलताईंना गाळ्याच्या मागं गाठलं आणि सांगितलं. तो शब्द माझा होता, बबनरावांचा नव्हता.

त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांचा माल आता शिक्रापूरच्या व्यापाऱ्याकडं जातो, गेटवर उभं राहायचं त्यांनी सोडून दिलं आहे. म्हणाल्या, "मग भाऊ व्हते तवा का न्हाई बोललात, बाई?"

मग त्याच म्हणाल्या, "आता ह्याचं मी काय करू?" आणि सतरंजी झटकायला निघून गेल्या.

मी घरी येऊन सोसायटीच्या त्या ग्रुपवर कुणाकुणाला गाठून सगळं लिहून पाठवलं, नावानिशी, शुद्ध इंग्रजीत. एकानं अंगठ्याचं चित्र टाकलं. बाकीचे दिवाळीच्या लाइटिंगबद्दल बोलत होते.

बबनरावांना मी शेवटचं नीट पाहिलं ते ह्या कबुलीच्या आधी, ते जाण्यापूर्वी महिनाभर. तो शनिवार होता आणि मी मनाशी ठरवून खराडीला गेले होते. आज सांगायचंच, जो भेटेल त्याला सांगायचं, असं बसमध्ये घोकत गेले. टेंपोच्या सावलीत ते क्रेटवर बसले होते. जाकीट अंगावर टांगल्यासारखं, कॉलरमध्ये मान हरवलेली. कमलताई पलीकडं पालकावर पाणी मारत होत्या. मला बघून उठले, टेंपोची फळी धरून. "बाई, तुम्ही कशाला एवढ्या उनात?"

तेवढ्यात गेटमधून एक बाई आल्या. पिशवी हातात, पण टेंपोपाशी येऊन थबकल्या. हिंदीत म्हणाल्या, "ये वही वीडियो वाली सब्जी है ना? वो पेस्टिसाइड किसने लिखा था?"

बबनराव म्हणाले, "गलती मेरा है मॅडम. मेरेको इंग्लिश आता नहीं."

मी एक पाऊल पुढं टाकलं. तोंड उघडलं. "मॅडम, सुनिए," एवढं म्हणालेसुद्धा. बबनरावांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं मी काय बोलणार ते. घाईघाईनं, धाप लागत असताना, माझ्याकडं हात करून ते त्या बाईंना म्हणाले, "ये अपनी मॅडम हैं. स्कूल में इंग्लिश सिखाया जिंदगीभर. इन्होंनेच सही वर्ड बताया, नहीं तो हमको समझता भी नहीं."

त्या बाई माझ्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला. पिशवी उघडत म्हणाल्या, "आपने बहुत अच्छा किया, मॅडम."

कमलताईंनी तराजूत वांगी टाकली. बबनराव फळी धरून उभे होते, माझ्याकडं बघत.

मी मान डोलावली.